तापल्या दगडाचं दूध

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची चरवी आहे, आणि माझ्या पहिल्या सुखाचा शेवटचा दिवस अगदी साधा होता.

मी पितळेची नव्हे, विणलेली. डोंगरात गाई राखणाऱ्या मुसल्लमच्या बायकोने रानखजुराची पात इतकी घट्ट विणली, की थेंब गळू नये. ती गेली, मी राहिले. मला चुलीवर ठेवता येत नाही, म्हणून विस्तवात तापवलेला दगड माझ्यातल्या दुधात सोडतात. दूध चर्र करून उसळतं, त्याला धुराचा वास लागतो.

त्या दिवशी खरीफची, म्हणजे आमच्याकडच्या पावसाळ्याची, भुरभुर चालू होती. एरवी उंटाच्या पाठीसारखं तांबूस असणारं दर्बातचं खोरं हिरवंगार झालं होतं. धुक्यात गाय फक्त हंबरण्यावरून कळत होती. मुसल्लमची मुलगी तुफूल सलाला शहरात शाळेत शिकवायची, ती सुट्टी काढून आली होती.

"आलात पाहुणे? गवत बघायला येता, म्हातारा बघायला नाही," मुसल्लम म्हणाला.

"म्हातारा वर्षभर तसाच दिसतो, बाबा."

आमच्या डोंगरात धार पुरुषाने काढायची, पण त्याने आधी प्यायचं नाही. दुसऱ्याने घोट घेऊन कसं आहे ते सांगायचं, मग त्याने. तुफूलने घोट घेतला.

"कसं आहे?"

"गरम आहे."

"गरम तर दगडही आहे!" तो हसला आणि प्याला. लहानपणापासून तिचं उत्तर तेवढंच.

धुकं विरायच्या आधीच एका पहाटे मुसल्लम झोपेत गेला. त्याच्या मुलाने, आमेरने, मला सलालाला नेऊन दिवाणखान्यात टांगलं. येणारेजाणारे म्हणत, काय सुंदर वीण! मित्रांनो, कौतुकाने पात ओली राहत नाही. एसीच्या वाऱ्यात मी सुकत गेले. आणखी थोडी सुकले असते, तर माझ्यात पुन्हा कधी दूध ठरलं नसतं.

पुढच्या खरीफात तुफूलने मला उजेडासमोर धरलं. माझ्या बुडातून खिडकी दिसत होती. तिने मला काखेत घेतलं.

"अगं, भिंत ओकी दिसेल," आमेर म्हणाला.

"मग तू उभा राहा तिथे."

तिने मला पाण्यात भिजवलं, लोणी चोळलं आणि दर्बातला आणलं. बापाचा शेजारी बखीत धार काढायला बसला.

"मास्तरीणबाईंना थर्मासचा चहा गोड लागेना वाटतं!"

"बखीतकाका, हात चालवा."

पहिलं दूध गळलं. तिने तळवा खाली धरला. मग माझी पात फुगली, वीण मिटली, गळणं थांबलं. मित्रांनो, मला जपायचं असेल तर एवढंच करा. माझ्यात दूध घाला.

दगड पडला, चर्र झालं. तुफूलने घोट घेतला. ती सांगेपर्यंत बखीतला पिता येईना.

"अगं पोरी, कसं आहे?"

तिने बखीतकडे पाहिलं नाही. मुसल्लम बसायचा तो खडक पावसात भिजत होता.

"गोड आहे, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "दर वेळी गोडच होतं."