एक बॉल सोड

रविवारची मिसा सुटली की पोखरी गावठाणातले फुटबॉलवाले जॉनीच्या ओट्यावर येऊन बसत. देवाला जेमतेम तासभर आणि पोखरी बॉईजला अख्खी दुपार, अशी त्यांची वाटणी होती. फादरलाही ती पाठ होती. सीझनमध्ये ते प्रवचन लांबवत नसत, लांबवलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं.

अंधेरीच्या टॉवरांच्या मधोमध हे एवढंसं गावठाण कसं टिकून राहिलं कोण जाणे. चर्चच्या मागे मैदान, आणि मैदानाला लागून जॉनीचं घर. जॉनीच्या बापाने आणि त्याच्या जोडीदारांनी भाताच्या शेताचे बांध मोडून ते मैदान केलं होतं. क्लबही त्यांनीच काढला. जॉनी स्वतः या क्लबचा स्टॉपर होता. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस, तो चुकला की सगळं संपलं. जॉनी फारसा चुकला नाही, आणि ते तो कुणाला विसरूही देत नसे.

आता मात्र सांगण्यासारखं जुनंच तेवढं उरलं होतं. क्लब चालवणं झेपेना म्हणून गावाने तो श्यामसुंदर शेठच्या हवाली केला होता. हा शेठ म्हणजे पोखरीच्या वेशीवर दोन टॉवर उभे करणारा बिल्डर. पहिल्याच वर्षी त्याने क्लबची मरून रंगाची जर्सी काढून पोपटी आणली आणि छातीवर स्वतःच्या टॉवरचं चित्र छापलं. मग गावची पोरं एकेक करून बेंचवर गेली, बाहेरून भाड्याची पोरं आली, आणि टीम घसरत घसरत तळाला येऊन बसली.

“शेठने वाट लावली पार,” शर्ली म्हणाली. शर्ली जॉनीची चुलत बहीण, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेली. शिट्टी गेली तरी आवाज तसाच होता. “त्याला फुटबॉलमधलं काय कळतं? कॉर्नर म्हटलं की त्याला कॉर्नरचा फ्लॅट आठवतो.”

“आणि कोच बघलंस मा?” चंद्रप्रकाश म्हणाला. हा शेजारच्या चाळीतला, मूळचा मालवणकडचा. बाप गिरणीत होता, पोरगा पोखरीच्या मैदानाला चिकटला तो चिकटलाच. मॅच असेल तर हा गृहस्थ गणपतीलाही गावी जात नसे. “पोरांका साधो पास देवक येणा नाय, आणि ह्यो फळ्यार बाण काढता.”

“पोरांना काय पडलंय? पगार मिळाला की झालं. लॉयल्टी नावाची गोष्टच राहिली नाय. आपलेच सोडून गेले तर भाड्याचे कशाला थांबतील?”

हे बोलताना शर्लीने जॉनीकडे पाहिलं नाही, त्यामुळे ते त्याला जास्तच लागलं. सोडून गेलेला म्हणजे त्याचाच पोरगा ॲश्टन, बापासारखाच स्टॉपर. शेठच्या कोचने त्याला वर्षभर बेंचवर कुजवला, तेव्हा तो बोरिवलीच्या क्लबात गेला आणि जवळच कांदिवलीला खोली घेऊन राहू लागला. बेंचचं गाव विसरलं. गेला तेवढं लक्षात ठेवलं. त्या नाताळात घरोघरी फिरणारं फुग्यांचं, तळलेल्या गोल पावांचं ताट जॉनीच्या दारात कुणी आणलं नाही. इनेझ, त्याची बायको, पडदा सारून वाट बघत राहिली आणि मग तिने स्वतःच पीठ भिजवलं. ओट्यावर यायचं मात्र कुणी बंद केलं नव्हतं. मैदान तिथूनच चांगलं दिसतं ना.

शेवटची एक मॅच उरली होती. जिंकली तर पोखरी पहिल्या डिव्हिजनमध्ये राहणार, नाहीतर खाली जाणार. शेठने आधीच सांगून टाकलं होतं, की टीम खाली गेली तर मी हात झटकून मोकळा, करारातही तसंच आहे, क्लब तुमचा तुम्ही सांभाळा.

“मग जांवदे मरे,” चंद्रप्रकाश म्हणाला. “खाली गेलो तर गेलो. शेठ जाईल, क्लब आपलो होईल. काय वाईट हा त्यात?”

“आणि जर्सी, बॉल, मैदानाचा खर्च? कोण करणार, तू?” शर्ली भडकली. “पोखरी कधी खाली गेली नाय, चंदू. आमच्या बापजाद्यांनी जाऊ दिली नाय. माझ्या डोळ्यांसमोर जाणार नाय.”

सगळा ओटा शर्लीच्या बाजूने झाला. जॉनीही झाला. खालच्या डिव्हिजनमधली पोखरी ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. त्यापेक्षा पोपटी जर्सी परवडली, असं त्याला मनापासून वाटलं.

मॅच कुणाशी होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोरिवलीशीच.

“जॉनी,” शर्ली आता हळू बोलू लागली, “त्यांचं काय अडलंय? हरले काय नि जिंकले काय, टेबलात मधेच राहणार. ॲश्टनला बोल ना. एक बॉल सोड म्हणावं. एकच.”

“शर्ली, ह्यां बरां नाय,” चंद्रप्रकाश पुटपुटला. पण मग तोही बाकीच्यांसारखा मैदानाकडे बघत बसला.

“एवढं केलं ना त्याने,” शर्ली म्हणाली, “तर गावात कोण त्याला वाकडं बोलतो बघते मी. या आगेराला नव्या भाताची पहिली पेंढी त्याच्याच हातात देऊ. फादरशी मी बोलते.”

ॲश्टनचा बोरिवलीशी झालेला करार संपत आलाय हे जॉनीला माहीत होतं. गोव्याच्या एका मोठ्या क्लबाचा माणूस नेमका याच मॅचला ॲश्टनला बघायला येणार होता. ॲश्टनने फोनवर सांगितलं होतं, आणि कुणाला बोलू नको म्हणाला होता. जॉनीने ते ओट्यावर सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर शर्लीने तरी काय केलं असतं? पण तो मूग गिळून गप्प बसला, कारण आगेराची, सुगीच्या सणाची मिरवणूक त्याला दिसू लागली होती. चर्चच्या दारात आपला पोरगा, हातात भाताची पेंढी, आणि मागे सगळा गाव. दोन वर्षं मान खाली घालून चालणाऱ्या माणसाला याचा मोह पडतो.

ॲश्टन मॅचच्या आधी घरी आला तेव्हा इनेझने बोंबील तळले होते. जेवण झाल्यावर जॉनी त्याला मैदानावर घेऊन गेला. लहानपणी इथेच तो त्याला पाय कसा टाकायचा ते शिकवायचा. आता बोलायला तोंड उघडेना. शेवटी एकदाचं सगळं भडाभडा बोलून टाकलं.

ॲश्टन आधी हसला. मग त्याने बापाच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“पप्पा, तू सीरियसली बोलतोयस?”

“एकच बॉल रे. स्लिप झालो म्हण.”

“गोव्याचा माणूस येतोय. मी तुला सांगितलं होतं.”

“तो काय एका चुकीवरून ठरवणार? बाकीची मॅच दणकून खेळ ना.”

“स्टॉपरची एकच चूक बघतात, पप्पा. हे तूच मला शिकवलंस.” ॲश्टन त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. “हे कुणासाठी मागतोयस? क्लबसाठी?”

हो म्हणणं सोपं होतं. पण पोराशी खोटं बोलणं जॉनीच्या जिवावर आलं.

“माझ्यासाठी,” तो म्हणाला. “मला याच गावात मरायचंय रे. लोकांनी धड बोलावं माझ्याशी, एवढंच.”

ॲश्टनने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. इनेझला सांगून तो निघून गेला. इनेझने विचारलं, काय झालं, पोरगा असा का गेला? जॉनी म्हणाला, काही नाही, मॅचचं टेन्शन. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिच्याशी तो इतक्या सहज खोटं बोलला नव्हता.

मॅचच्या दिवशी ॲश्टन असा खेळला की जॉनीच्या मनात आलं, आता हा काही सोडत नाही. पोखरीची भाड्याची पोरं त्याच्यापर्यंत यायची आणि तिथून पुढे काही त्यांचं चालायचं नाही. शर्ली कडेला उभी राहून दात-ओठ खात होती. पण जॉनीला आतून हायसं वाटत होतं. नाही ऐकलं पोराने, बरं झालं, असं तो स्वतःशी म्हणाला आणि शप्पथ, ते त्याला खरंच वाटत होतं. गाव बोलेल ते बोलेल. गोव्याचा माणूस टोपी घालून सावलीत बसला होता आणि त्याचं लक्ष ॲश्टनवरून हलत नव्हतं.

मॅच संपत आली असताना बॉल उंचावरून आला, अगदी साधा. ॲश्टन त्याच्याखाली गेला, पाय टाकला आणि घसरला. कोरड्या मैदानावर घसरला. पोपटी जर्सीतल्या पोराला कळेना की हे काय झालं, पण बॉल समोर होता, त्याने मारला.

पोखरी राहिली. लोकांनी जॉनीला उचललं, जॉनीला! शर्ली रडत होती. चंद्रप्रकाशनेही मिठी मारली. लोकांच्या खांद्यांवरून जॉनीला पलीकडची बाजू दिसत होती. बोरिवलीच्या कोचने ॲश्टनला बाहेर काढला आणि पाठ फिरवली. सावलीतला टोपीवाला उठून गेला होता.

तो आनंद पुढचा महिनाही टिकला नाही. श्यामसुंदर शेठने पोखरीची पहिल्या डिव्हिजनमधली जागा दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीला विकली. क्लबला किंमत नव्हती, जागेला होती. टीम खाली गेली असती तर विकायला शेठकडे काही उरलंच नसतं. करारानुसार तो निघून गेला असता आणि क्लब गावाला मिळाला असता. गावाने स्वतःच्या हाताने त्याचा माल वाचवून दिला होता. ही गोष्ट ज्याला त्याला उशिरा कळली, आणि कळल्यावर जो तो म्हणू लागला, आम्ही आधीच सांगत होतो. खरं तर एकट्या चंद्रप्रकाशने सांगितलं होतं.

ॲश्टनचा करार बोरिवलीने पुढे चालवला नाही. आरोप कुणी केला नाही, फोन मात्र थांबले. कोच लोक एकमेकांशी बोलतात. कांदिवलीची खोली सोडून तो घरी आला, बॅग पलंगाखाली सरकवली आणि सकाळी एकटाच मैदानावर पळू लागला. बापाला तो एकदाही टोचून बोलला नाही. बोलला असता तर जॉनीला सोसलं असतं.

इनेझला सगळं कळलं ते पोराकडून नाही, गावाकडून. ती जॉनीवर ओरडली नाही. दोन दिवस तिने त्याला वाढलं आणि स्वतः स्वयंपाकघरात बसून जेवली.

मग ओट्यावर नवी टूम निघाली. गावाने स्वतःची टीम काढायची, मरून जर्सी, सगळ्यात खालच्या डिव्हिजनपासून सुरुवात. फक्त गावची पोरं. जॉनीला कित्येक दिवसांनी बरं वाटलं. नावं निघू लागली. गोलकीपर ठरला, फॉरवर्ड ठरले. स्टॉपरपाशी येऊन सगळे अडखळले.

“स्टॉपर आहे की घरात,” जॉनी म्हणाला. “ॲश्टन. फुकट खेळेल. त्याला खेळायचंच आहे.”

चंद्रप्रकाश चपलेचा अंगठा चाचपत बसला.

“काय झालं?”

“जॉनी, राग मानू नकोस,” शर्ली म्हणाली. “पोरगा चांगला आहे. पण शेवटच्या माणसावर डोळे मिटून भरवसा ठेवता यायला हवा. उद्या दुसरं कोणी येऊन बोललं तर? मागे उभा असला की पोरांच्या मनात तेच येणार.”

जॉनीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचे कान तापले.

“तू बोललीस, शर्ली. इथे बसून बोललीस. एक बॉल सोड म्हणावं.”

“मी बोलले, नाय म्हणत नाय. तू पण जाऊन बोललास.” शर्लीचा आवाज चढला नाही. “पण सोडला त्याने ना.”

जॉनीने चंद्रप्रकाशकडे पाहिलं. हा तरी काही म्हणेल. चंद्रप्रकाशच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्याने मान वर केली नाही.

जॉनी उठून आत गेला. ओट्याची खिडकी उघडीच होती आणि खिडकीखाली ॲश्टन जेवायला बसला होता. इनेझ भाताचं भांडं हातात धरून तशीच उभी होती. म्हणजे दोघांनीही ऐकलं होतं. बाहेर जाऊन एकेकाला ओट्यावरून हाकलावं, असं जॉनीच्या मनात आलं. निदान तेवढं तरी करायचं. तो दाराकडे वळला.

“पप्पा, राहू दे,” ॲश्टन म्हणाला. “बरोबर बोलतायत ते. मीसुद्धा मला घेतलं नसतं.”

तो हे रागाने बोलला असता तर जॉनीने त्याला जवळ घेतलं असतं, पाय धरले असते. पण पोरगा अगदी शांतपणे, टीमचा विचार करून बोलला होता. त्याने आईला अजून थोडा भात वाढायला सांगितला. बाहेर शर्लीने स्टॉपरसाठी दुसऱ्या कुणाचं तरी नाव सुचवलं आणि ते सगळ्यांना पसंत पडलं.