अकरा सेकंदांचा बाइट

शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांत कुणाचाही दहावा असू द्या, माइकसमोर मारुतराव गुरुजी ठरलेले. कोणता पुढारी आधी, कोणता मागून, कुणाला दोन मिनिटांत खाली बसवायचं, सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. माणूस सत्तरी ओलांडलेला, पण आवाज असा खणखणीत की नदीपलीकडच्यानं मान वर करावी. अन् खोटं कशाला बोला, गुरुजींना माइकची हौस होतीच. त्या हौसेनंच घात केला.

भीमेकाठच्या पोपटरावांचा मुलगा इंद्रजीत लष्करात लेफ्टनंट कर्नल, एका पलटणीचा प्रमुख. सीमेवर त्याचे दोन जवान ओढ्यापलीकडं जखमी पडले होते. जादा फौज येईस्तोवर थांबा, असा वरून हुकूम होता. इंद्रजीत थांबला नाही. एकाला पाठीवर घेऊन आला, दुसऱ्यासाठी परत गेला आणि तिथंच त्याला गोळी लागली.

बातमी आली तशा चॅनेलच्या गाड्या गावात शिरल्या. शाळेत इंद्रजीतचे वर्गशिक्षक कोण, तर मारुतराव गुरुजी. झालं, त्यांच्या तोंडासमोर चॅनेलच्या माइकचं दांडकं आलं. गुरुजींचा ऊर भरून आलेला, बोलत सुटले. कॅनॉलला पाणी सुटलं होतं, ऊसतोडीवाल्याची पोरगी पाय घसरून आत पडली, सहावीतल्या इंद्रजीतनं उडी मारून तिला बाहेर काढलं. चांगली चार मिनिटं सांगितलं. संध्याकाळी टीव्हीवर त्यातला बाइट दाखवला तो अकरा सेकंदांचा. "लहानपणापासून तसाच! मी ओरडतोय, जायचं नाही! ऐकतोय कसला? हुकूम मोडायची खोडच होती त्याला." खाली लाल पट्टी: शिक्षकांचाच गौप्यस्फोट.

मग काय विचारता! एका चॅनेलवर चौघं कोट घालून भांडायला बसले, हुकूम मोडणाऱ्याला हुतात्मा म्हणायचं का? दुसऱ्यावर आरडाओरडा, असं विचारणारेच देशद्रोही. विरोधी पक्ष म्हणे, सरकारनं फौज वेळेवर का पाठवली नाही? सरकार म्हणे, हौतात्म्याचं राजकारण करू नका, आणि स्वतः चौकाचौकात फ्लेक्स लावत सुटलं. कुरकुंभच्या कारखान्यांतून पाळी करून येणारी पोरं बसमध्येच हमरीतुमरीवर यायची. लेक गेला पोपटरावांचा आणि गळे काढायला भलतेच!

गुरुजी भेटायला गेले, तर इंद्रजीतची आई सारजाबाई एक शब्द न बोलता उठून आत गेल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून गुरुजींना अन्न गोड लागेना.

नवव्या दिवशी पोपटराव स्वतः दारात आले.

"गुरुजी, उद्या माइक तुमच्याकडंच."

"नको पोपटराव. कोणत्या तोंडानं उभा राहू? वहिनींना काय वाटेल?"

"तिनंच सांगितलंय. म्हणली, गुरुजींनाच बोलवा. का, ते मलाबी सांगत न्हाई."

आता याला नाही कसं म्हणायचं?

दहाव्याला घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. कावळा लवकर शिवला. त्याला कुणाची वाट बघायची नव्हती. माणसं मात्र पुढाऱ्यांसाठी उन्हात ताटकळत बसली. सत्तेतले साहेब नदीपलीकडून, शिरूरच्या बाजूनं आले. विरोधातले अण्णा दौंडहून आले. दोघं दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले आणि कॅमेरे मध्ये उभे राहिले.

साहेबांचा माणूस, जालिंदर, गुरुजींच्या कानाला लागला. "गुरुजी, सुरुवातीला एवढंच म्हणा, की विरोधकांनी चॅनेलला हाताशी धरून तुमचं बोलणं कापलं. तुमच्यावरचं किटाळ जातंय."

तो वळतो न वळतो तोच अण्णांकडून सत्यजीत आला. "गुरुजी, सरकारनं दबाव आणून क्लिप कापली, असं बोला. आम्ही तुमच्या पाठीशी हाय."

बघा, दोघांनीही सुटकेची वाट तयार ठेवली होती! गुरुजींनी फक्त एका बाजूला बोट दाखवायचं, की झाले मोकळे. मोह झाला हो त्यांना. माणूसच तो. पण समोर बायकांच्या रांगेत सारजाबाई बसल्या होत्या आणि त्या पुढाऱ्यांकडं बघत नव्हत्या, कॅमेऱ्याकडंही नाही. त्या गुरुजींकडं बघत होत्या.

गुरुजींनी माइक हातात घेतला.

"मंडळी, माझं बोलणं चॅनेलनं कापलं, हे खरं. पण त्याआधी ते मीच कापलं होतं."

जालिंदर आणि सत्यजीत, दोघांनीही माना वर केल्या.

"त्या दिवशी कॅनॉलवर मी पोरांना म्हणालो, कुणी पाण्यात उतरायचं नाही, मी माणसं आणतो. मी निघालो आणि इंद्रजीतनं उडी मारली. पोरगी वाचली. मी परत आलो, तर ती काठावर बसून खोकत होती आणि हा शेजारी ओलाचिंब. मी काय केलं, ते टीव्हीवाल्यांना सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलं नाही. मी त्याला शाळेत नेलं आणि छडीनं मारलं. पोटऱ्यांवर वळ उठेपर्यंत मारलं. माझा शब्द मोडला म्हणून."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. अण्णांनी सत्यजीतकडं बघितलं. एका कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. यात त्याच्या कामाचं काही नसावं.

"आज जे चालू आहे ना टीव्हीवर," गुरुजी म्हणाले, "ते सगळ्यात आधी मी केलंय. मला क्षमा करा, वहिनी."

सारजाबाई जागेवरून उठल्या. शेजारणीनं हात धरला, तो त्यांनी सोडवला.

"मला ठावं हाय, गुरुजी. त्यो घरी आला तवा म्या वळ बघितलं. तुमच्याकडं भांडाया निघाले व्हते. त्यानंच मला आडवलं. म्हणला, आई, गुरुजी लई घाबरले व्हते. मारताना त्येंचाच हात थरथरत व्हता."

गुरुजींनी मान खाली घातली. एवढ्याशा पोराला ते कळलं होतं!

"मी तुमच्यावर चिडले न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. "टीव्हीवाल्यांचं सोडा, ती काय बी बोलत्यात. पर तुम्ही त्याला बघितलं व्हतं. दहा दिस माझ्या जिवाला एकच घोर. तुम्हालाबी तसंच वाटतंय का? माझा लेक आडमुठेपणानं मेला का, गुरुजी? समद्यांसमोर ईचारते. खरं सांगा."

सत्तेतले साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते, ते तसेच राहिले.

गुरुजींनी माइक बाजूला ठेवला. घाटाच्या दोन पायऱ्या उतरून ते सारजाबाईंच्या समोर जाऊन उभे राहिले.

"नाही, वहिनी. मी माणसं घेऊन येईस्तोवर ती पोरगी उरली नसती. तेव्हा तो बरोबर होता आणि परवाही बरोबर होता. चुकलो मी. त्याला मी हे कधी सांगितलं नाही."

तेवढं ऐकलं आणि सारजाबाई मटकन खाली बसल्या. लेकाची पेटी आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, सलामीच्या फैरी झडल्या तेव्हाही नव्हतं. आता मात्र भर घाटावर, पुढारी बघत असताना, त्या हंबरडा फोडून रडल्या.