लेथला चाकं

धाकट्याच्या हातात मोजपट्टी दिसली, तेव्हाच ताईच्या मनात पाल चुकचुकली.

धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. काचेच्या पट्टीवर थेंब इतका सुबक पसरवायचा की बघत राहावं, पण घरात एक खिळा ठोकायचा म्हटलं की "ताई, जरा येतेस का?" असा हा माणूस रविवारी सकाळी चहा अर्धा टाकून मागच्या खोलीत ओणवा झाला होता आणि लाकूड कातायच्या लेथची लांबी मोजत होता.

"काय रे, काय चाललंय?"

"कुठे काय? सहज."

सहज म्हणून कोणी लेथ मोजतं का? ताई पोळ्या लाटायला वळली. पण खोलीतून निघाला तो थेट पुढच्या दाराशी गेला आणि त्याचीही रुंदी घेतली, हे तिने स्वयंपाकघरातून पाहिलं. मागचं दार मोजलं असतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं. पुढचं कशाला?

मागची खोली ताईची. म्हणजे घर दोघांचं होतं, पण वडील गेल्यापासून त्या खोलीत ताई आणि तिचा लेथ हे न बोलता ठरून गेलं होतं. वडील कातारी. खाटांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे, सगळा जन्म लाकूड गोल करण्यात गेला. म्हातारपणी मोठं यंत्र झेपेना, तेव्हा त्यांनी हा लहान लेथ घेतला आणि त्यावर लेकीचा हात बसवला. धाकट्याला मात्र त्यांनी कधी जवळ येऊ दिलं नाही. लहानपणी एकदा त्याच्या शर्टाची बाही यंत्रात अडकली होती. हात वाचला, पण "तू लांब राहा" हे जे ठरलं ते कायमचंच. तो उंबऱ्यात बसून बघायचा, तेवढंच.

ताईने लग्न केलं नाही की झालं नाही, हे विचारायची आता कोणाची छाती नव्हती. ड्रॉवरच्या मुठी, पटाशांचे दांडे, बुद्धिबळाच्या सोंगट्या, असं काही ना काही तिच्या हातात असायचंच. अडचण एकच. लेथचं टेबल वडिलांच्या उंचीचं, आणि वडील ताडमाड. म्हणून ती पायाखाली फळी घेऊन उभी राहायची आणि संध्याकाळी पाठ धरून बसायची.

पुढच्या आठवड्यात चाकं आली. एका पिशवीत चार, काळ्या रबराची, कुठल्यातरी मोडक्या ट्रॉलीची काढलेली.

"ही कशाला?" ताईने विचारलं.

"लेथला एक गाडा करावा म्हणतोय. साधाच. माळ्यावर जुन्या पलंगाचं लाकूड पडलंय, त्यातच भागेल. विकत काही आणायला नको."

"गाडा? लेथला कुठे जायचंय?"

"कुठे नाही गं. हलवायला बरं."

"इतकी वर्षं कोणाला हलवायचा होता?"

"तू पण ना, ताई," असं म्हणून तो सटकला.

हे सटकणं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. बरणी फुटली की तो असाच हसून सटकायचा. तिने चाकं हातात घेऊन फिरवून पाहिली. माणूस चाकं लावतो कशाला? जे जायचं असतं त्याला. कपाटाला कोणी चाकं लावत नाही.

त्यानंतर तिचे कान जे टवकारले ते टवकारलेच. एके दिवशी दुकानातून परत आली, तर मागच्या खोलीत धाकट्याबरोबर भंगारवाला. लेथकडे बघत तो विचारत होता, "वजन किती भरेल?" धाकटा म्हणाला, "दोघांना उचलेल." ताई दारात दिसल्यावर दोघं गप्प झाले. भंगारवाल्याने तिला नमस्कार केला. तोही तिला जरा जास्तच वाकून केल्यासारखा वाटला.

आणि भावजय! ती एरवी सगळ्यांसारखी "ताई" म्हणायची. "वन्सं" निघायचं ते काहीतरी हवं असलं की, नाहीतर काहीतरी सांडलं असलं की. त्या आठवड्यात वन्सं-वन्सं चालूच होतं.

"वन्सं, पाठ कशी आहे हो? किती वेळ उभ्या असता."

"आहे तशीच आहे."

"वन्सं, त्या खोलीत उजेड कमीच नाही? पडवीत बघा कसा छान येतो."

लग्न होऊन आल्यापासून हिला त्या खोलीतला उजेड दिसला नव्हता, आजच दिसला?

शेवटी एका दुपारी सगळं उघडं पडलं, निदान ताईला तसं वाटलं. ताई गच्चीवर कपडे वाळत घालत असताना भावजय फोनवर बोलत वर आली. चादरीच्या पलीकडे ताई आहे, याचा तिला पत्ता नव्हता. "हो, होईल खोली मोकळी. महिनाअखेरीला. नाही हो, त्यांना अजून सांगितलं नाही. हे म्हणतात, आधी गाडा होऊ दे."

ताई ओले कपडे तसेच बादलीत टाकून खाली आली. पडवीत गाड्याचा सांगाडा उभा होता. पलंगाचे चार पाय, आडव्या पट्ट्या, वर जुन्या दाराची फळी. खिळे वाकडे, पण काम मनापासून केलेलं. ती त्याच्या शेजारी उभी राहिली. टेबलापेक्षा चांगलाच ठेंगणा. वडिलांच्या उंचीचा तर नाहीच. म्हणजे घेणारा माणूस बुटका दिसतोय, तिच्या मनात आलं. गिऱ्हाइकाचं मापसुद्धा घेऊन झालं!

रडणारी ती नव्हती. तिने पाना घेतला आणि लेथचा टेलस्टॉक, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक दाबून धरणारा लोखंडी ठोकळा, सोडवून काढला. त्याच्याशिवाय लेथ म्हणजे नुसतं ओझं. टॉवेलात गुंडाळून तो तिने आपल्या कपाटात स्वेटरांखाली ठेवला. न्या म्हणावं आता.

रविवारी धाकटा आणि भावजय लेथ गाड्यावर चढवायला गेले आणि धाकट्याची हाक आली, "ताई! टेलस्टॉक कुठे गेला?"

ताई भाजी चिरत होती. "मला काय विचारतोस? मोजमाप तूच घेतलंस ना?"

तो दारात येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. मग एकदम म्हणाला, "तो भंगारवाला! तोच आत आला होता." आणि पायात चपला सरकवून तो बाहेरसुद्धा पडला.

ताईची सुरी थांबली. हाक मारावी, असं मनात आलं. पण हाक मारायची तर मग सगळंच सांगावं लागलं असतं. जाईल कोपऱ्यापर्यंत आणि येईल परत, असं तिने स्वतःला समजावलं.

तो परत आला, पण भंगारवाल्याला घेऊन. भंगारवाल्याने आपली हातगाडी दाराशी आडवी घातली होती आणि त्याचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जात होता.

"बघा ना, बघा! तिकडे चार माणसांत पोतं उलटं करायला लावलंत, आता इथे पण करतो. निघाला का तुमचा ठोकळा?" त्याने पोतं ओतलं. पत्र्याचे डबे, नळाचे तुकडे, सायकलीची पेडलं दारात पसरली. शेजारणी खिडकीत आल्या. धाकटा म्हणत होता, "मी तुम्हाला चोर म्हटलं नाही, फक्त विचारलं."

"विचारायची ही पद्धत? तुमच्यासाठी त्या ट्रॉलीची चाकं मी घासून, तेल घालून दिली. मशीनचं वजन विचारलं ते चाकांना झेपावं म्हणून. आणि मी चोर?"

ताई दारात आली. तिच्या हातात टॉवेल होता. तो उलगडून तिने ठोकळा पायरीवर ठेवला.

"माझ्याकडे होता. मीच काढून ठेवला. यांचा काही संबंध नाही."

खिडकीतल्या शेजारणी आणखी पुढे वाकल्या.

"माफ करा," ती भंगारवाल्याला म्हणाली. "चूक माझी आहे."

तो गुडघ्यावर बसून आपला माल पोत्यात भरू लागला. ताई मदतीला वाकली तर त्याने हातानेच नको म्हटलं. "तुमच्या घरातलं तुम्ही बघा, बाई. त्यात माझं नाव कशाला?" भावजयीने आणलेलं पाणीही त्याने घेतलं नाही. हातगाडी सरळ करून तो निघून गेला. पुढे धाकटा त्याच्याकडे जाऊन आला, ताईही गेली. तो नीट बोलला, पण त्यांच्या दारासमोर आरोळी द्यायचं त्याने बंद केलं ते कायमचं.

दार लावल्यावर ताई धाकट्याकडे वळली. "कोणाला विकतोयस?"

"काय?"

"लेथ. आणि खोली कोणाला देताय? मी ऐकलंय गच्चीवर. महिनाअखेरीला मोकळी होणार आहे म्हणे."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. भावजय खुर्चीवर बसली आणि साडीच्या पदराला चुण्या घालत म्हणाली, "माझ्या बाबांना आणायचंय. पडल्यापासून त्यांना जिना चढवत नाही. एकटेच असतात. रोज फोन करते, आणि उचलेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो माझा. तळमजल्यावर आपल्याकडे झोपण्यासारखी तेवढी एकच खोली आहे."

"मग मला विचारायचं नव्हतं?"

"तुम्ही नाही म्हणाल, असं वाटलं."

"आणि गाडा तयार झाल्यावर मी हो म्हणणार होते?"

धाकटा हळूच म्हणाला, "गाडा चांगला जमला, पडवीत तुला बरं पडलं, की मग विचारणं सोपं जाईल, असं वाटलं. पुढचं दार मोजलं ते त्यांच्या वॉकरसाठी."

"आणि इतका ठेंगणा?"

"तुझ्या कोपराला धरून केलाय. तू ओट्याशी उभी असताना माप घेतलं. बाबा सांगायचे ना, लेथचा मध्य कोपराशी आला की पाठ दुखत नाही."

ते उंबऱ्यात बसून ऐकलेलं याने इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं, हे ताईला नवीन होतं. तिला बरंही वाटलं आणि रागही गेला नाही. कारण तिचा संशय काही अगदीच हवेतला नव्हता. लेथ विकत नव्हते, पण खोली जात होतीच, आणि तीही तिच्या पाठीमागे.

ती पडवीत गेली आणि गाड्याला बोटाने ढकललं. तो नुसता पुढे गेला नाही, डुलत डुलत आडवा फिरला. चारही चाकं फिरकीची.

"यावर लेथ चालू केला," ती म्हणाली, "तर लेथ घेऊन पुढच्या दाराने मीच बाहेर जाईन. तसाच बेत होता का?"

भावजयीला हसू आलं होतं, ते तिने गिळलं.

त्या दिवशी ताई हो म्हणाली नाही. दोन दिवस ती कोणाशी धड बोललीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी लॅबमधून आलेल्या धाकट्याला पडवीत गाडा उलटा पडलेला दिसला आणि ताई चाकं उचकटत होती. तो चपापला.

"मोडतेयस?"

"धर हे टोक," ताई म्हणाली.

तिने चाकं एकाच बाजूच्या दोन पायांना ठेवली, तीही सरळ धावणारी करून. फिरकी जाम केली. दुसऱ्या बाजूच्या पायांखाली चाकांच्या उंचीचे ठोकळे आणि त्यांना जुन्या ट्यूबचं रबर ठोकलं आणि त्या बाजूला धरायला दोन दांडे बसवले. दांडे उचलले की गाडा हातगाडीसारखा चालतो, खाली ठेवले की पाय रोवून उभा. लेथ चढवला, चारही बोल्ट आवळले, एक ओबडधोबड ओंडका लावून बटण दाबलं. गाडा थरथरायला लागला.

"थांब, थांब," धाकटा म्हणाला. "लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या फिरवायचं मशीन आहे, ते असंच टेबलावरून चालायला लागायचं. नुसतं वर जड असून चालत नाही, खाली जड पाहिजे." त्याने खालच्या पट्ट्यांवर एक फळी टाकली, बाहेरून वाळू आणून जुन्या उशांच्या अभ्र्यांत भरली आणि ती पोटली फळीवर रचली. या वेळी गाडा गप्प उभा राहिला. ताईने पटाशी टेकवली. लाकडाची लांब सुरळी तिच्या मनगटावरून खाली उतरली. पायाखाली फळी नव्हती. कोपर जिथे असायला हवं होतं तिथेच होतं.

"बरं झालंय," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी आधी विचारायचं. काहीही असलं तरी."

"विचारीन."

ताईचा यावर पुरता विश्वास बसला नाही. पण पडवीच्या पायरीवर वॉकरसाठी उतरती फळी तिने स्वतःच ठोकली, आणि खोलीतल्या पटाशा, दांडे, लाकडं उचलायला भावजयीला हाक मारली.

महिनाअखेरीला भावजयीचे बाबा आले. वॉकर टेकत टेकत ते खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. फरशीवर टेबलाच्या पायांच्या चार खुणा होत्या, भिंतीवर पटाशा टांगायचे खिळे अजून तसेच होते. त्यांनी मान वळवली आणि लेकीला दबक्या आवाजात विचारलं, "ही खोली कोणाची काढून घेतलीत?"

"काढून नाही घेतली, बाबा."

त्यांचा विश्वास बसला नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. त्यांनी पिशवी दाराबाहेरच, भिंतीशी ठेवली. परत जायचं झालं तर हाताशी असावी, तशी.

ताईने पडवीतून हे ऐकलं. लेथ बंद करून, हातावरचा भुसा झटकत ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"खोली माझी होती. मला न विचारता ठरवलं, म्हणून मी भांडले. चांगली भांडले. आता भांडून झालंय."

म्हाताऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ते मशीन दिवसभर चालणार?"

"चालणार."

"आणि मी आवाजाची तक्रार केली तर?"

"मी ऐकणार नाही."

त्यांनी वॉकर उंबऱ्याच्या आत टेकवला. मग लेकीला म्हणाले, "पिशवी आत ठेव."