वॉशिंग्टनच्या वर लिंकन

केदारनाथचं तेलगावात भांड्यांचं दुकान आहे, आणि त्या दुकानात रोज संध्याकाळी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे नंबर लावले जातात. हसू नका. बाजारातल्या पोरांनी आधीच पोट धरून हसून घेतलंय.

नंबर लावणारे दोघंच. एक केदारनाथ आणि दुसरा त्याचा जुना दोस्त धोंडीराम. धोंडीरामचं रान मोठं, ऊस आणि कापूस, आणि जीभ फटकळ. दोघं बीडला एका खोलीत राहून राज्यशास्त्रात बी.ए. झाले. तिथं अमेरिकेची राज्यघटना शिकवणारे एक सर होते, त्यांना तासाची घंटा ऐकूच यायची नाही. पदवीचा पुढं दोघांनाही काडीचा उपयोग झाला नाही. एकानं बापाचं दुकान धरलं, दुसऱ्यानं बापाचं रान. पण ते राष्ट्राध्यक्ष डोक्यात बसले ते बसलेच.

आता खरं सांगायचं तर हे वेड नव्हतं, नाइलाज होता. सोसायटीच्या मागल्या निवडणुकीत धोंडीरामचा पोरगा रविराज एका पॅनलमधून उभा राहिला आणि केदारनाथचा पोरगा मृत्युंजय दुसऱ्यातून. रविराज पुन्हा चेअरमन झाला, ही त्याची तिसरी खेप, आणि मिरवणूक नेमकी भांड्यांच्या दुकानासमोर डीजे लावून उभी केली. काउंटरवरचे तांबे गुलालानं माखले. तेव्हापासून दोन घरांचं येणंजाणं बंद. बायकांनी हळदीकुंकू सुद्धा तोडलं.

दोघं म्हातारे तेवढे भेटत राहिले. पण बोलायचं काय? निवडणूक काढायची नाही. पोरांचं नाव घ्यायचं नाही. आरक्षण नको, पाटाचं पाणी नको, देवळाची कमिटी तर नकोच नको. ज्याला हात लावावा त्याच्याखालून कुठलं तरी पॅनल निघायचं. शेवटी उरले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. ते बिचारे कुणाच्याच भावकीतले नाहीत. हाही विषय गेला असता तर धोंडीरामला दुकानात यायला निमित्तच राहिलं नसतं, आणि हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

"वॉशिंग्टन पहिला," धोंडीराम बाकड्यावर टेकता टेकता सुरू करायचा. "लोकं राजा म्हणायला तयार होते बे त्याला. दोनदा बसला आन् आपण होऊन उठला. असा माणूस दाव मला."

"लिंकन," केदारनाथ म्हणायचा. "घर पेटलं होतं, तरी फुटू दिलं न्हाई."

"फुटू दिलं न्हाई म्हणं. लाखांनी माणसं मेली. भावानं भावावर गोळी झाडली."

"आन् गुलाम सुटले ते? तुझ्या वॉशिंग्टनच्या रानात तर गुलामच राबत होते."

"हाय ते खरं," धोंडीराम मान्य करायचा, आणि नंबर मात्र हलवायचा नाही. रूझवेल्टला तर तो पाचव्याच्या वर येऊच द्यायचा नाही. चारदा निवडून आलेला माणूस त्याला पटायचाच नाही. त्यावर केदारनाथच्या ओठाशी एक वाक्य यायचं आणि तो ते चहाबरोबर गिळायचा.

एकदा मात्र ते गिळलं गेलं नाही. लगीनसराईचे दिवस. आहेराच्या भांड्यांवर मशीननं नावं घालून घालून केदारनाथचा हात आखडला होता. त्यात दुपारी दोन सख्खे भाऊ आले. बहिणीच्या लेकीला एकच घागर द्यायची, पण तिच्यावर आधी नाव कुणाचं? थोरला म्हणे माझं, धाकटा म्हणे पैसे माझे. भांडून भांडून शेवटी दोन घागरी घेतल्या, आणि जाताना दोघंही केदारनाथवरच रुसले. त्याला वाटलं, शटर ओढावं आणि आठ दिवस झोपून राहावं. तेवढ्यात धोंडीराम आला.

"वॉशिंग्टन पहिला," तो म्हणाला. "खुर्ची सोडायला लई मोठं काळीज लागतं."

"मग हे रविराजला सांग की."

बोलून गेल्यावर केदारनाथला कळलं आपण काय बोललो.  धोंडीरामनं अर्धा चहा तसाच ठेवला, टोपी नीट केली आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. केदारनाथ संध्याकाळी बाकडं पुसून ठेवायचा, त्यावर गिऱ्हाईकं बसायची आणि त्याला उगीच त्यांचा राग यायचा. मृत्युंजय म्हणाला, "बरं झालं अप्पा, पीडा गेली." केदारनाथनं पोराकडं पाहिलं आणि बाकडं पुन्हा पुसायला घेतलं. एवढ्या मोठ्या गावात ज्याच्याशी अर्धा तास बोलावं असा एक माणूस होता, तो आपण आपल्या तोंडानं घालवला.

"जीभ तुमची, मग मळ्यावर जाणार पण तुमीच," बायको उमाबाई म्हणाली. "गाव बघंल. बघू दे."

गावानं बघितलंच. भरदुपारी दुकान पोरावर टाकून केदारअप्पा धोंडीरामच्या मळ्याकडं चालले, ही बातमी त्याच्या आधी मळ्यात पोचली. ओट्यावर रविराज माणसं घेऊन बसला होता.

"काय अप्पा, वाट चुकलात का?"

केदारनाथ तसाच ओटा चढला. दारात धोंडीरामची बायको छबुबाई आली. "या भावजी. आतच हायेत. चार घास धड खात न्हाईत, तुमीच बघा आता."

धोंडीराम बाजेवर पडून होता, भिंतीकडं तोंड करून. केदारनाथ खुर्ची ओढून बसला. रस्ताभर तो एकच ठरवत आला होता. आपण हरायचं. हरायला काय लागतं?

"वॉशिंग्टन पहिला," तो म्हणाला. "लिंकन दुसरा. मी मान्य केलं."

धोंडीराम वळला. चेहरा उतरलेला.

"मी सांगितलं रविराजला," तो हळू म्हणाला, ओट्यावर ऐकू जाऊ नये असा. "तू म्हणलास ते. जेवताना. म्हणलं, बाबा, लई झालं, आता दुसऱ्याला बसू दे."

"मग?"

"ताट सरकवून उठला. माझ्याशी बोलत न्हाई तवापासून." धोंडीरामनं तोंड पुन्हा भिंतीकडं केलं. "वॉशिंग्टनला पोटचं लेकरू नव्हतं बे. त्याला उठायला सोपं गेलं असंल."

  केदारनाथनं दोस्ताच्या पायावर हात ठेवला.

"मला वाटलं, तू माझ्यावर रागावलास."

"तुझ्यावर कशाला? तुझं खरं होतं, म्हणून तर दुकानात यायची लाज वाटली. कोणत्या तोंडानं वॉशिंग्टन म्हणू?"

"मी म्हणतो की. पहिला वॉशिंग्टनच. भांडण मिटलं."

धोंडीराम ताडकन उठून बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजाला धार आली.

"मिटलं म्हणं. अक्कल हाय का तुला? तू बी वॉशिंग्टन म्हणलास तर मी उद्या दुकानात येऊन काय बोलू? तुझ्या पोरावर बोलू का माझ्या?"

उद्या, असं तो म्हणाला. केदारनाथनं ते ऐकलं आणि त्याला रडू आलं. लपवायचे कष्टही त्यानं घेतले नाहीत, धोतराच्या सोग्यानं सरळ डोळे पुसले.

"लिंकन," तो म्हणाला. "लिंकनच पहिला."

"कावून? का म्हणून?" धोंडीराम म्हणाला, आणि उशी पाठीशी घेऊन नीट बसला.