इंजिनाशेजारची केबिन

जहाजाच्या आराखड्यात एकंदर ऐंशी केबिनी होत्या, आणि अल्विन टेरहार्टने त्यातल्या एकोणऐंशी नापास केल्या. शाळेत स्वतः दोनदा गटांगळी खाल्लेला माणूस इतका कडक परीक्षक निघेल, असं त्याच्या बायकोला, मेख्तिल्डला, पन्नास वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

लग्नाला पन्नास वर्षं होत होती म्हणून मुलीने, आंकेने, दोघांना कोलोनहून बाझेलपर्यंत ऱ्हाइन नदीतली आठ दिवसांची जहाजाची सहल भेट दिली होती. केबिन तेवढी तुमची तुम्ही निवडा, म्हणाली. इथेच पोरगी चुकली. अल्विनने एकेचाळीस वर्षं याच नदीवर कोळशाची आणि खडीची मालवाहू बार्ज चालवली होती, आणि दोघांचा संसारही तिच्यावरच झाला होता. त्याला नदीवरची खोली निवडायला सांगणं म्हणजे आचाऱ्याला लग्नात पंगतीला बसवणं. तो जेवत नाही, मीठ कमी आहे का ते बघतो.

तीन आठवडे रूरोर्टच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दुसरा विषय नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आराखडा पसरलेला, त्याच्या कोपऱ्यांवर मोहरीची बाटली आणि साखरेचा डबा. वाटाण्याचं सूप मांडीवर घेऊन प्यायची वेळ मेख्तिल्डवर आली. अल्विन सकाळी दुर्बीण घेऊन धक्क्यावर जायचा, येणारीजाणारी प्रवासी जहाजं न्याहाळायचा, आणि दुपारी येऊन आणखी चारपाच खोल्यांवर काट मारायचा. वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीवाल्या बाद, कारण गावोगावी ही जहाजं एकमेकांना खेटून उभी करतात. कॉफी घेऊन बाल्कनीत बसावं, तर दीड हातावर दुसऱ्या जहाजातला कुणी बनियनवर दात घासत असतो. पुढच्या टोकाच्या बाद, तिथे पहाटे नांगराची साखळी खडखडते. मधल्या बाद, जिन्यावरून लोक धाडधाड चढतात. भटारखान्यावरच्या बाद, गादीलाही कांद्याचा वास. एकेक कारण बिनतोड होतं, हीच तर अडचण होती.

शेवटी उरली एकशेबारा. सगळ्यात खालच्या मजल्यावर, पार मागच्या टोकाला. खिडकी न उघडणारी आणि पाण्यापासून जेमतेम वीतभर वर, म्हणजे आपण बाहेर बघण्याऐवजी हंसच आत बघणार.

“हीच,” अल्विन म्हणाला. “याहून चांगली खोली अख्ख्या जहाजात नाही.”

मेख्तिल्डने चष्मा लावला. एकशेबाराच्या भिंतीपलीकडे आराखड्यात इंजिन दाखवलेलं होतं. घोडं कुठे पेंड खातंय ते तिला कळलं. एकेचाळीस वर्षं हा माणूस इंजिनाच्या डोक्यावर झोपला होता. निवृत्त होऊन घरात आल्यापासून, नऊ वर्षं, त्याला शांततेत झोप येत नसे. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा रात्रभर चालू ठेवायचा तेव्हा कुठे घोरायचा. तसं सरळ सांगितलं असतं तर तिने एवढं मनावर घेतलं नसतं. पण हा ताकाला जाऊन भांडं लपवत होता, आणि वर दुनियेला शहाणपण शिकवत होता.

एरवी तिने तेही चालवून घेतलं असतं. ह्या खेपेला मात्र तिलाच काहीतरी हवं होतं, आणि मनापासून हवं होतं. सांक्ट गोआरपासून बिंगेनपर्यंतचं खोरं तिला बघायचं होतं. दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरांवर किल्ले, उतारावर द्राक्षमळे. ते बघायला लोक पृथ्वीच्या पाठीवरून कुठून कुठून येतात. औषधाच्या दुकानातून दरवर्षी फुकट मिळणाऱ्या कॅलेंडरावरही तेच असतं. मेख्तिल्ड तिथून दीड हजार वेळा तरी गेली असेल. आणि तिने ते पाहिलेलं नव्हतं.

कुणाला सांगून खरं वाटलं नसतं, म्हणून तिने सांगितलंही नव्हतं. नदी तिथे अरुंद होते, वळणं आंधळी, पाण्याखाली खडक. तेवढ्या पट्ट्यात सुकाणूच्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, असा अल्विनचा कायदा होता. चढाला, म्हणजे प्रवाहाविरुद्ध जाताना, साडेतीन तास लागत. बोट कोंडून पाणी भरत तिला वरच्या पातळीला नेणारं लॉकही त्या पट्ट्यात नव्हतं, त्यामुळे दोर टाकायला तिला कुणी हाक मारत नसे. सलग साडेतीन तास मोकळे मिळाल्यावर बार्जवरची बाई काय करणार? धुणं धुणार. इफेट्सहाइमच्या पुढे एकामागून एक दहा लॉक लागत, तेव्हा तिला दर वेळी वर धावावं लागे. बोट दोन भिंतींमध्ये शिरायची आणि मेख्तिल्ड दोर घेऊन भिंतीतला खुंटा शोधायची. कुठल्या भिंतीवर शेवाळ आहे आणि कुठल्या फटीत नेचा उगवतो, ते ती आजही डोळे मिटून सांगेल. जगप्रसिद्ध नदीतलं तिने काय पाहिलं, तर ओल्या भिंती आणि उशांचे अभ्रे. तिला ह्याची लाज वाटायची, आणि रागही यायचा.

तिने आडून आडून सुचवून पाहिलं. वरच्या मजल्यावर उजेड बरा असेल, म्हणाली. उजेड पडद्यांचा रंग उडवतो, अल्विन म्हणाला. तो पडदा काही आपला नाही, असं ती म्हणेपर्यंत तो नांगराच्या साखळीकडे वळलाही होता.

गुरुवारी दोघं सहलकंपनीच्या कचेरीत गेली. तिथल्या आयदिनबाई पस्तिशीच्या, याच शहरात जन्मलेल्या. कामात वाकबगार आणि कानाने सोशिक. अल्विनने त्यांना साखळी, जिना, कांदा आणि बनियनवाला, सगळं पहिल्यापासून ऐकवलं. त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं.

“साहेब, एकशेबारा मागून कुणी घेत नाही,” त्या म्हणाल्या. “ती उरते.”

“लोकांना कळत नाही,” अल्विन म्हणाला.

आयदिनबाईंनी खुर्ची थोडी वळवली. “आणि बाई, तुम्हाला कुठली हवीय?”

तीन आठवड्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मेख्तिल्डच्या मांडीवर पर्स होती, ती तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“वरची. मोठ्या खिडकीची,” ती म्हणाली. “मला सांक्ट गोआर ते बिंगेन बघायचंय.”

“अगं, दीड हजार वेळा गेलीयस तिथून,” अल्विन हसला.

“गेलेय. खाली बसून तुझ्या विजारी घासत गेलेय. वर कुणाला येऊ द्यायचास तू?”

अल्विनचं हसू मावळलं. त्याने खिशातली पेन्सिल काढून उगाच परत खिशात ठेवली. मग म्हणाला की ठीक आहे, वरची तर वरची, त्यात काय एवढं. जणू गेले तीन आठवडे भलताच कुणीतरी भांडत होता.

आयदिनबाईंनी लगेच संगणकावर वरचा मजला उघडला. दोन रिकाम्या होत्या, एक डाव्या हाताची, एक उजव्या. “आता हे तुम्हीच सांगा, साहेब. किल्ले कुठल्या बाजूला जास्त?”

अल्विन खुर्चीत ताठ झाला. मेख्तिल्डही त्याच्याकडे वळली. इथे तरी त्याचा शब्द शेवटचा, हे तिला मान्य होतं.

“पाचशे चौपन्नाव्या किलोमीटरला डाव्या हाताला खडक,” त्याने बोटाने टेबलावर नदी काढली. “वळणावर दिवे असतात, ते बघूनच पुढे जायचं. पाचशे चव्वेचाळीसला पाणी खवळतं, तिथे उजवीकडे राहायचं.”

“हे पाण्यातलं झालं,” आयदिनबाई म्हणाल्या. “वर डोंगरावर?”

अल्विनचं बोट टेबलावर थांबलं. त्याचे कान लाल झाले.

“वर आहे काहीतरी,” तो म्हणाला. “दगडी.”

बाहेरून ट्राम गेली. मेख्तिल्ड नवऱ्याकडे बघत राहिली. हसावं की ओरडावं ते तिला कळेना.

“तू पण नाही पाहिलंस?” तिने विचारलं.

“मी पाणी बघत होतो,” अल्विन टेबलाकडे बघत म्हणाला. “वर बघायचा धीर कुणाला होता? खाली तुम्ही दोघी होतात.”

तीन आठवड्यांचा राग मेख्तिल्डने इतका नीट सांभाळून ठेवला होता, की तो असा एका वाक्यात विरघळल्याचं तिला वाईटच वाटलं. आंके तेव्हा तीन वर्षांची. धुण्याच्या टोपलीत बसवलेली, टोपली टेबलाच्या पायाला बांधलेली. वर हा एकटा, अकराशे टन खडी घेऊन, पापणी न लववता. तिने त्याच्या बाहीवरचा नसलेला धागा काढला.

आयदिनबाई शाळेच्या सहलीला आगगाडीने त्या बाजूला गेल्या होत्या. किल्ले दोन्हीकडे आहेत, पण चढाला जाताना उजव्या हाताला जरा जास्त, असं त्यांनी सांगितलं. एकेचाळीस वर्षं नदीवर काढलेल्या माणसाने ते मुकाट्याने ऐकून घेतलं, आणि तीनशे सात नंबरवर दोघांचं नाव पडलं. इंजिन तिथून फार लांब आहे, चिटपाखराचाही आवाज येणार नाही, अशी आयदिनबाईंनी खात्री दिली.

अल्विनने खाली मान घालून सही केली आणि पेन बायकोकडे सरकवलं.

“मला तिथे झोप कशी लागणार गं?” तो हळूच म्हणाला.

“झोपायला कोण चाललंय तिथे?” मेख्तिल्ड म्हणाली, आणि तिने सही केली.