दोघांची फिर्याद

शेलूबाजारच्या बाजारात तनुजा वांगी-मेथी घेऊन बसायला लागली त्याला सहा वर्षं झाली होती. मळा बापाचा, विकायचं काम तिचं. पहिल्या वर्षी लोक तिच्या हातचं घेत नसत. मग मेथी ताजी असते म्हणून घ्यायला लागले. मुलगा म्हणून जन्मताना मिळालेलं नाव तिनं कागदोपत्री बदललं होतं, पण काहींच्या तोंडात अजून जुनंच होतं.

त्या दिवशी बाजारातच पंजाबरावांच्या पार्टीची खडी गंमत होती. या नाच-गाण्याच्या, सोंगांच्या खेळात बायकांची कामं पुरुषच करतात. अमरदीप बारा वर्षं नाच्या होता. साडी नेसून तो उभा राहिला की बायकासुद्धा बघत राहायच्या. तनुजालाही त्याचा नाच आवडायचा. पण त्या दुपारी त्यानं मध्येच घोगरा आवाज काढला, हात फाकवून टाळ्या पिटल्या आणि ढोलकीवाल्याच्या मांडीवर जाऊन बसला. मंडपात हशा पिकला. पाच मिनिटांत चार टोळभैरव तनुजाच्या दुकानासमोर तशाच टाळ्या पिटत उभे राहिले. समोरचं गिऱ्हाईक उठून गेलं.

खेळ संपल्यावर ती मंडपामागं गेली. अमरदीप साडीतच पाणी पीत होता.

"ह्या टाळ्या काहून घातल्या रे?"

"लोकाईले हसू येते, ताई. पंजाबरावनंच सांगतलं."

"तू हसवून घरी जातं. मले याच बाजारात बसा लागते."

"अन् मले लोक सोडतेत का? माह्या पोरीले शाळेत नाच्याची पोरगी म्हणतेत."

"म्हणून ते माह्या अंगावर ढकलतं?"

तो आडोशाकडं लघवीला गेला. लगेच त्याची किंकाळी आली. तनुजा धावली. दारू प्यायलेल्या तिघांनी त्याला घेरलं होतं. एकानं पदर ओढला होता, दुसरा हात पिरगाळत म्हणत होता, "ये ना, आमच्याबी मांडीवर बस!" तनुजानं पडलेला बांबू उचलला आणि हात पिरगाळणाऱ्याच्या गुडघ्यावर घातला. तिघं शिव्या देत पळाले. अमरदीपचं मनगट सुजलं होतं.

"चाल, चौकीत."

"जाऊ दे ना."

"जाऊ दे म्हणूनच होते हे. चाल!"

चौकीतला जमादार दोघांना पाहून हसला. "काय, तुमच्या तुमच्यात भांडण का?"

अमरदीप झटकन म्हणाला, "साहेब, मी ह्यायच्यातला नाही. मी कलाकार हाव. घरी बायको-लेकरू हाये."

तनुजाला कुणी कानफटात मारल्यासारखं झालं. उठून जावं, असं वाटलं.

"कलाकार असो का कोणी," जमादार म्हणाला, "साडी नेसून फिरलं तर मस्करी होणारच. साक्षीदार कोण?"



"मी," तनुजा म्हणाली.

जमादारानं गुन्हा नोंदवला नाही, नुसता अर्ज ठेवून घेतला.

बाहेर आल्यावर अमरदीप म्हणाला, "मी भेलो होतो, ताई."

"भेली तर मीबी होती. मी म्हटलं का, याले ओळखत नाही म्हणून?"

"त्या टाळ्या काढून टाकतो."

"काढ. उपकार नोको समजू. उद्या वाशीमले पोलिसायच्या मोठ्या साहेबाकडं जाऊ. येशीन का नाही, तेवढं सांग."

तो येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोन एसट्या निघून गेल्या तरी त्याचा पत्ता नव्हता. तनुजा मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होती. तेवढ्यात तो आला, हाताला पट्टी आणि सोबत बायको सुकेशनी.

"हा येतच नव्हता," सुकेशनी म्हणाली. "म्याच आणला. चौकीत तुमच्याबद्दल काय बोलला, तेबी याच्या तोंडून काढलं."

वाशीमला साहेब मीटिंगला गेले होते. तिघं दोन तास बाकावर बसली. मग बाबू म्हणाला, "सोमवारी या."

"सोमवारी कामरगावले खेळ हाये," अमरदीप पुटपुटला.

"झालं!" तनुजा उसळली. "तुह्या हातासाठी मी दोन दिवसाचा धंदा सोडला. अन् तुले खेळ हाये!"

सुकेशनीनं फोन काढून नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं तिथंच पंजाबरावांना फोन लावला.

"येत नाही म्हणजे? मग मी दुसरा नाच्या पाहतो!" पलीकडचा आवाज तिघांनाही ऐकू आला.

"पाहा," अमरदीप म्हणाला आणि फोन ठेवला. बारा वर्षांचं काम एका शब्दात गेलं. त्याचा चेहरा उतरला होता.

तनुजानं त्याची समजूत काढली नाही. चौकीतलं त्याचं बोलणं अजून तिच्या डोक्यात ठणकत होतं. ती अर्जाची प्रत घेऊन परत खिडकीशी गेली.

"आज आलतो म्हणून याच्यावर शिक्का मारा."

"सोमवारी साहेब मारतील."

"शिक्का मारल्याबिगर मी हालत नाही."

"ओ, रांग सोडा! तुमची माणसं येतात अन् तमाशा करतात," बाबू खेकसला.

अमरदीप बाकावरून उठला. तिच्याशेजारी खिडकीत येऊन त्यानं पट्टी बांधलेला हात फळीवर ठेवला.

"हो, आमी ह्यायच्यातलीच माणसं हाव," तो म्हणाला. "शिक्का मारा."