घरच्या वापरापुरतं

सणसरच्या सरुबाईचं काजळ पंचक्रोशीत चालायचं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालायची, धरलेली काजळी साजूक तुपात खलायची, एवढीच तिची विद्या. पण त्या विद्येनं तिची ओसरी भरलेली असायची. बाळंतिणी पोरं मांडीवर घेऊन बसायच्या, डबीचे दोन रुपये द्यायच्या आणि सासवांची गाऱ्हाणी फुकटात सांगून जायच्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा लखन पिंपरीच्या कारखान्यात. सरुबाई माणसांत होती ती त्या डबीच्या जिवावर.

शहाण्णव साली बाजारातल्या कुणाच्या तरी काजळानं एका बाळाचे डोळे सुजले, आणि सुक्याबरोबर ओलंही जळलं. पुण्याहून औषध निरीक्षक करुणाताई आल्या. त्यांनी दोन पंच बसवले, नमुना विकत घेऊन लाखेनं सील केला आणि पंचनाम्यासाठी तिचं पूर्ण नाव विचारलं. तिचं अख्खं नाव कुणी विचारल्याला जमाना लोटला होता. सरुबाई घाबरायचं विसरली, तिनं दोनदा चहा टाकला. करुणाताईंनी तो घेतला आणि समजावलं, की परवान्याशिवाय काजळ विकायचं नाही, वाटायचंही नाही.

"मग करायचंबी न्हाय का?"

"घरच्या वापरापुरतं करा. त्याला कायदा आडवा येत नाही."

घरचा वापर! घरात वापरणारं होतं कोण? या वयात डोळ्यांत काजळ घालून ती काय वरातीला जाणार होती? तरी तिनं कागदावर अंगठा उठवला आणि ती शब्दाला जागली. आलेल्या बायकांना तिनं रिकाम्या हातानं परत पाठवलं. महिन्याभरात त्या यायच्या थांबल्या. नुसत्या गप्पा मारायला कोण कुणाच्या दारात बसतंय? सरुबाईला घर खायला उठलं.

दिवाळी झाल्यावर ती पंचनाम्याची प्रत घेऊन भिगवणला गेली आणि बूथवाल्याला त्यावरचा पुण्याचा नंबर लावायला सांगितला. फोनवर करुणाताईच आल्या.

"सणसरची सरुबाई परत काजळ विकती," तोंडाला पदर लावून तिनं सांगितलं.

"तुम्ही कोण?"

"शेजारीण."

"कोण कोण घेऊन जातं तिच्याकडून?"

आता सरुबाईला खोटं पुढं रेटवेना.

"कुणी येत न्हाय हो तिच्याकडं," ती म्हणाली. "तुमी तरी या."